चौकटीचा दांडू

रवि. ५ जाने.

मंदारच्या टॉवरच्या पोडियमवर, मोकळ्या अंगणात वर्ग. पोरं वाढली. मागच्या खेपेला नाकं मुरडणारी दोघं गुजराती भावंडं आज मी चटई अंथरायच्या आधी हजर.

दुधाच्या पिशव्यांची दोरी वळली. पिशवी धुवायची, वाळवायची, एकसारख्या पट्ट्या कापायच्या, तिपेडी वेणी. पट्टी कमीजास्त झाली की वेणी वाकडी, आणि उडी मारताना दोरी अंगावर येते. मोजून बघितलं, अर्ध्यांना परत कापायला लावलं. एक आई बाकावरून, "काका, लहान आहेत हो, चालतं." नाही चालत. आज चाललं की जन्मभर तेच चालतं.

मग त्याच दोरीवर उड्या. सई शेवटपर्यंत टिकली. नात म्हणून नाही सांगत. दोरी तिनेच सगळ्यांत घट्ट वळली होती.

पिशवीचा कोपरा पूर्ण तोडायचा नाही, लटकता ठेवायचा, हेही सांगितलं. तो एवढासा तुकडा कुणी उचलत नाही. मला सईच्या आजीने, सुलभाने शिकवलेलं. ते मात्र पोरांना सांगितलं नाही.

पुढच्या रविवारचं काम: घरात जिच्याकडे कुणी बघत नाही अशी एक वस्तू आणायची. तिला परत कामाला लावू. चटईवर आलेली वस्तू परत जात नाही, हा नियम. सगळ्यांना पाठ करून घेतला.

बुध. ८ जाने.

दुकानात एक बाई वडिलांचा फोटो घेऊन. वर हारासाठी खिळा हवा म्हणाली. असे फोटो मी उरकल्यासारखे करत नाही. काच दोनदा पुसतो, मागे कागद चिकटवतो, धूळ आत जाता कामा नये. कोपरा तर असा जुळतो की नख जात नाही. कुणी शिकवलं नाही मला. शाळा सुटली तेव्हापासून जुन्या फ्रेमा सोडवून सोडवून शिकलो. बोरीवलीत असा कोपरा कुणी जुळवत नाही, असं गिऱ्हाईक म्हणतं. मीही म्हणतो.

सु.ची फ्रेम आठवली. जोगेश्वरीची चाळ पाडली तेव्हा आमच्या खोलीच्या दाराची चौकट मी खांद्यावरून आणली होती. जुना साग. ती गेल्यावर त्यातूनच तिच्या फोटोची फ्रेम केली. तीन पट्ट्यांना रंधा मारला, डाव्या पट्टीला मारला नाही. चप्पल घालताना ती चौकटीला जिथे हात टेकायची तिथे लाकूड काळं, तुकतुकीत झालं होतं. तेवढं तसंच ठेवलं. फ्रेम लेकाला, मंदारला दिली. माझ्याकडे आख्खं घर आहे तिचं, त्याच्या घरात काहीच नव्हतं.

फोटो एकच आहे. स्टुडिओ बंद पडला, निगेटिव्ह गेली.

रवि. १२ जाने.

लिहायचं नव्हतं. पण लिहिल्याशिवाय हात थांबत नाही.

पोरांनी वस्तू आणल्या. फुटका रिमोट, टीचभर उरलेली मेणबत्ती, कुणाच्या तरी बाबांचा कॅरमचा कप. सई शेवटची आली. टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून.

"आजोबा, माझं सगळ्यात भारी आहे. बघ तू."

टॉवेल सोडायच्या आधीच कळलं. हातात घेतल्यावर, वजनावरून. माझंच काम आहे.

गुजराती भावंडांतला मोठा म्हणाला, "ए, ये तो तेरी आजी है ना?"

"हो, पण कपाटामागे होती. कुणी बघतच नाही तिच्याकडे."

सगळी पोरं माझ्या तोंडाकडे. चटईवर आलेली वस्तू परत जात नाही. पाठ करून घेतलेलं.

मी म्हणालो, "छान. याचं विटी-दांडू."

काय झालं मला, माहीत नाही. मागचा बोर्ड सोडवला, फोटो वहीत ठेवून पिशवीत घातला. काच पेपरात गुंडाळून वर लाल पेनाने "काच" लिहिलं, कचरा नेणाऱ्याचा हात कापू नये म्हणून. चारही पट्ट्या सुट्या केल्या. पोरांना कोपरा दाखवला, बघा, पंचेचाळीसचा काप असा असतो. डाव्या लांब पट्टीचा दांडू केला. एका आखूड पट्टीची विटी, दोन्ही टोकं तासून. उरलेल्या दोन पट्ट्या पिशवीत.

दांडू सईच्या हातात दिला. तिने मूठ नेमकी त्या काळ्या भागावर बसवली. मुद्दाम नाही. पकडायला तीच जागा सोयीची.

पहिल्याच टोल्याला विटी झाडावरून गेली. पोरांनी केवढा आरडाओरडा केला. मीही टाळ्या वाजवल्या.

सोम. १३ जाने.

दुकान उघडलं नाही.

कपाटामागे. भिंतीवर नाही, देव्हाऱ्याजवळ नाही, कपाटामागे. त्या घरात भिंतीला खिळा मारायचा नाही म्हणे, रंग खराब होतो. सूनबाईचं, श्रेयाचंच डोकं. मंदार काही बोलला नसेल. तो कधी काही बोलतो?

फोन करणार नाही. वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात, माघ शुद्ध दशमी. त्या दिवशी पाटावर फोटो लागेल. बघू या कधी आठवण होते.

मंगळ. १४ जाने.

संक्रांत. वर्षाच्या आत आहे, आपल्याकडे काही नाही. शेजारच्या कदम वहिनी तिळगूळ ठेवून गेल्या. "वहिनी असत्या तर आत्तापर्यंत आम्हाला दहा वेळा हाका मारल्या असत्या," म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसत गेल्या.

मंदारचा फोन. जेवलात का. गोळ्या घेतल्या का. दुकान कसं आहे. मी वाट बघत होतो. फोटोचं नाव नाही.

तिळगूळ खाल्ला नाही. कडक असतो त्यांचा.

रवि. १९ जाने.

वर्ग. फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची लगोरी, कडा घासून. कडा नीट घासल्या नाहीत तर बोट कापतं, म्हणून मी प्रत्येक तुकड्यावरून माझं बोट फिरवून बघितलं. तरी पोरांना विटी-दांडूच हवं.

विटी गेली. सईने असा टोला मारला की भिंतीपलीकडे. तिकडे नव्या इमारतीचं खोदकाम, सगळीकडे पत्रे ठोकलेले. वॉचमन म्हणाला, "काका, उधर नहीं जाने देते."

सई रडायला लागली. मी म्हणालो, "रडतेस कशाला, दुसरी करू." पांगाऱ्याच्या फांदीची करून दिली. हलकी झाली. उडते, पण आवाज येत नाही तसा.

दोरी गुंडाळताना सई म्हणाली, "बाबा सारखं काहीतरी शोधतोय. माळा पण काढला खाली. आईला ओरडला."

"काय शोधतोय?"

"सांगत नाही."

मला कळायला हवं होतं. कळलं नाही म्हणू की कळून घेतलं नाही.

गुरु. २३ जाने.

मंदार दुकानात आला. ऑफिसच्या वेळेत. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. स्टुलावर बसला, लहानपणी बसायचा तसा, पाय आडव्या दांडीवर ठेवून.

चहा मागवला. बराच वेळ रंध्याकडे बघत बसला.

"बाबा, आईच्या त्या फोटोची दुसरी कॉपी आहे का तुमच्याकडे?"

"का रे?"

"ऑफिसात टेबलावर ठेवीन म्हणतो."

खोटं बोलताना तो कान खाजवतो. लहानपणापासून. सु.ला हसू यायचं.

फोटो माझ्या पोटाशी होता, टेबलाच्या खणात. खण ओढायचा आणि द्यायचा. एवढंच होतं.

"नाही," म्हणालो. "एकच होता. तुला दिला."

त्याने मान हलवली. कप बशीत न ठेवता तसाच बाकावर ठेवून गेला. कपाचा गोल डाग पडला, तो मी पुसला नाही.

रवि. २६ जाने.

टॉवरमध्ये झेंडावंदन, म्हणून वर्ग नाही. तरी गेलो. सईला चिकी द्यायची होती.

श्रेया खाली भेटली. सई पोरांत पळाली. श्रेया म्हणाली, "बाबा, दोन मिनिटं बसता?" बाकावर बसलो. ती माझ्याकडे न बघता बोलली.

"आईंचा फोटो सापडत नाहीये. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून मंदारने शपथ घातलीय, पण मला आता सहन होत नाही. मला म्हणतो, तूच टाकलास. आम्ही बोलत नाही एकमेकांशी."

मी म्हणालो, "कपाटामागे ठेवला होता म्हणे." हे कुणाकडून कळलं ते तिने विचारलं नाही. तिच्या लक्षातच आलं नसावं.

"तुम्हाला पण वाटतं ना, मीच काढला? अहो, मी हॉलमध्ये लावला होता. स्वतः ड्रिल मागवून. यानेच काढला. त्या भिंतीसमोरून जाता येत नव्हतं त्याला. शेवटच्या वेळी पोचला नाही ना तो, फ्लाइटमध्ये होता. मग पलंगाजवळच्या कपाटामागे ठेवला, त्याच्या बाजूला. बघायचा नाही कधी. पण सकाळी उठला की हात घालायचा मागे. नुसता हात लावायचा. चौकटीला. मग उठायचा."

सगळीकडे लाउडस्पीकर. पोरं जिलबी खात होती.

"रोज?" मी विचारलं.

"रोज, बाबा. झोपेत असल्यासारखा. मला वाटतं त्याला कळतही नव्हतं आपण काय करतोय ते."

तेव्हा सांगायला हवं होतं. सईचं नाव निघेल, असं मनाला सांगितलं. खरं ते नव्हतं. मी कापली, हे तोंडातून निघत नव्हतं.

"सापडेल," म्हणालो, आणि उठलो.

चिकी खिशातच राहिली.

सोम. २७ जाने.

दोन पट्ट्या टेबलावर. उजवी लांब, वरची आखूड. खालची आखूड विटी होऊन पलीकडच्या खड्ड्यात. डावी सईकडे, काळा भाग सोडून गोल तासलेली, एका टोकाला निमुळती.

त्या चौकटीचं लाकूड आता दुसरं नाही. नवा साग लावला तर रंग जुळणार नाही. पॉलिश करून जुळवता येईल, लोक फसतात. मंदारचा हात फसेल?

काटकोन बघायचा गुण्या लावून बघितलं. दोन पट्ट्यांचा एक कोपरा अजून बरोबर बसतो. नख जात नाही.

सु. असती तर म्हणाली असती, "तो गुण्या घाला चुलीत. पेज निवली मा!" मी चिडलो की ती मालवणीत शिरायची, मुद्दाम.

गुरु. ३० जाने.

शाळेतून येताना सईला गेटवर गाठलं. म्हणालो, "दांडू देशील का मला? दुसरा करून देतो. चिंचेचा. याच्यापेक्षा भारी."

"नाही."

"का गं?"

"तो आजीचा आहे. मी कुणाला धरायलाही देत नाही."

मी रस्त्यातच उभा. "तुला माहीत होतं तो आजीचा फोटो आहे, मग आणलास कशाला वर्गात?"

माझ्याकडे असं बघितलं, जसं मी मुलांकडे बघतो, पट्टी वाकडी कापल्यावर. "तूच म्हणालास ना. चटईवर आणलं की वस्तू परत कामाला लागते. कपाटामागे काय काम होतं तिला?"

"बाबाला विचारलंस?"

"तू कुठे सांगितलं होतंस विचारायला?"

नव्हतं सांगितलं. दर वेळी सांगतो, घरी विचारून आणा. दुधाच्या पिशव्यांना सांगितलं, टाइल्सना सांगितलं. त्या वेळी राहिलं.

दांडू घेतला नाही. तिच्या पाठीवरच्या दप्तरातून बाहेर आलेला होता, पार फाटकाच्या आत जाईपर्यंत दिसला.

गुरु. ६ फेब्रु.

उद्या तिथी. मंदारचा फोन, गुरुजी सकाळी येणार, तुम्ही आधीच या. आवाज सपाट. फोटोबद्दल काही नाही. मीही काही नाही.

दिवसभर नव्या लाकडाच्या दोन पट्ट्या तासल्या. रंग बराच जुळला. जोडून बघितली. चांगली झाली, दुसऱ्या कुणाची असती तर पाठवून दिली असती. डाव्या बाजूवर हात ठेवून बघितला. काहीच नाही तिथे. नव्या पट्ट्या परत सोडवल्या.

फोटो घेतला. जुन्या दोन पट्ट्या घेतल्या. तसंच नेणार.

शुक्र. ७ फेब्रु.

पाटावर दुसराच फोटो होता. मोबाइलवरून मोठा केलेला, कुणाच्या तरी लग्नातला. सु.चे डोळे अर्धे मिटलेले, कडेला परक्या बाईचा खांदा. त्यावर हार.

गुरुजी मांडामांड करत होते. श्रेया स्वयंपाकघरात. मी पिशवीतून फोटो काढला आणि मंदारच्या हातात दिला. मग पट्ट्या दिल्या.

त्याने पट्ट्या उलटसुलट बघितल्या. श्रेया दारात येऊन थांबली.

"फ्रेम मी कापली," म्हणालो. "इथून मीच नेली होती. श्रेयाने हात लावलेला नाही. कुणीच नाही. मीच."

"तुम्ही कापलीत?"

"हो."

"करवतीने?"

"हो."

"मी दुकानात आलो होतो, तेव्हा कुठे होता फोटो?"

"खणात."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. श्रेया माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, हे जास्त लागलं. मला तिला म्हणायचं होतं की मी तुझ्याबद्दल घरी बसून काय काय लिहिलं. म्हणता आलं नाही.

मंदारने मोबाइलवाला फोटो बाजूला केला, हा ठेवला. पाठीला काही नाही, कागदच तो, वाकून सारखा पुढे पडत होता. तांब्याला टेकवला, तरी पडला. गुरुजी म्हणाले, "काहीतरी आधार द्या मागे."

सई आतून दांडू घेऊन आली आणि फोटोमागे लावला. तिरका. फोटो उभा राहिला.

मंदारची नजर दांडूवर गेली. ओळखायला वेळ लागला त्याला, आकार बदललेला. मग हात पुढे केला. काळ्या भागावर बोटं ठेवली. तशीच ठेवली.

सई म्हणाली, "बाबा, तो माझा आहे."

हात काढला नाही त्याने. गुरुजींनी दोनदा हाक मारली, "यजमान." तेव्हा उठला. आत गेला, दार लावलं. विधी थांबला. बऱ्याच वेळाने तोंड धुवून आला आणि सगळं नीट केलं, मंत्र म्हटले, पाणी सोडलं. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

जेवायला मला श्रेयाने वाढलं. कोथिंबीर वेगळी काढून, मला चालत नाही म्हणून. सु. वाढायची तसं.

शनि. ८ फेब्रु.

फोन नाही. मीही केला नाही. केला असता तर काय म्हणणार होतो.

रवि. ९ फेब्रु.

वर्ग घ्यायचा की नाही, कळेना. कुणी येऊ नका म्हणालं नव्हतं. चटई घेऊन गेलो.

पोरं आली. आज टूथपेस्टच्या खोक्यांचा पेरिस्कोप, भिंतीआडचं दिसणारा. आरशाच्या फटी मीच कापून नेल्या होत्या, तरी एक तिरकी गेली. माझ्याकडून. पोराने दाखवली. "काका, वाकडी आहे." हो म्हणालो, चालेल.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

सई उशिरा आली. हातात काही नाही.

"दांडू कुठे गं?"

"बाबाकडे. कपाटामागे ठेवलाय त्याने. मी म्हटलं माझा आहे, तर म्हणाला संध्याकाळी देतो."

"फोटो?"

"तो आईने पुस्तकात ठेवलाय. वाकू नये म्हणून."

खाली बसली, खोकं घेतलं, घडी घालायला लागली. मग एकदम आठवल्यासारखं, "आजोबा, बाबाने विचारलंय, विटी नक्की कुठे पडली."

"का?"

"मला काय माहीत. विचारून ये म्हणाला."

मी भिंतीपाशी गेलो. तिला उचललं. पत्र्यांमध्ये एक फट आहे, तिथून खड्डा दिसतो, मातीचे ढीग, सळया, उभी मशिनं. रविवार, काम बंद. कुठे पडली ते मला नीट आठवतं. पण त्यानंतर किती माती उपसली असेल. बोट दाखवलं. "त्या पिवळ्या ड्रमच्या अलीकडे. असं सांग."

ती पळत गेली.

पोरांची खोकी पुरी झाली. पोरं पेरिस्कोप भिंतीवर धरून पलीकडे बघत होती, ड्रम दिसतो, ड्रम दिसतो. मी चटई गुंडाळली. मग परत उलगडली आणि बसलो.

लिफ्ट खाली आली. दुसरीच माणसं होती. परत वर गेली.